परकराला चिकटलेली पट्टी

भाऊबीजेला दवाखाना बंद ठेवायचा असं मी दर वर्षी ठरवते आणि दर वर्षी अकरानंतर दोन-तीन पेशंट बघतेच. त्या गुरुवारी रिसेप्शनवरच्या मुलीनं फोन घेऊन रजिस्टरमध्ये एक ओळ लिहून ठेवली होती : ‘वय ३०. पट्टी निघाली. ड्रेसिंग.’ मला वाटलं, कुणाच्या तरी सिझरच्या टाक्यांवरचं ड्रेसिंग सुटलंय. सिस्टरला ट्रॉली लावायला सांगितली.

आपल्याकडे पट्टी म्हटली की जखमेची, नाहीतर घरपट्टी-पाणीपट्टी. दिवस राहू नयेत म्हणून अंगाला लावायची पट्टी असते हे त्या मुलीच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं. फोन करणारीनंही मुद्दाम तेवढंच सांगितलं होतं, कारण शेजारी सासूबाई बसल्या होत्या.

सासूबाईच तिला घेऊन आल्या. टेकायच्या आधीच म्हणाल्या, ‘‘मॅडम, हिची कंबर बघा. दुखते, पण सांगत नाही. तिकडून पट्ट्या आणल्यात, गुपचूप लावते.’’ सून पर्सच्या चेनशी चाळा करत बसली होती.

पेशंट कुणीही असो, थोडा वेळ तिला मी एकटीलाच बघते. बरोबर आई असो, नवरा असो, सासू असो. ‘‘काकू, तपासते मी हिला. तुम्ही बाहेर बसा, चहा सांगते.’’ दार लागल्यावर ती पहिलं वाक्य बोलली, ‘‘मॅडम, ती कंबरेची नाहीये.’’

(ओळख पटू नये म्हणून घरातले काही तपशील बदलले आहेत. औषध, वेळा आणि निर्णय जसेच्या तसे.)

पेशंट

लग्नाला दोन वर्षं झालेली. दोघंही इंग्लंडमध्ये, तिची नोकरी पाळ्यांची, आठवड्याला बदलणारी. आधी गोळ्या घ्यायची. पण रात्रपाळी संपवून सकाळी झोपलं की ‘आजची गोळी’ म्हणजे नेमकी कोणती, इथपासून घोळ व्हायचा. तिथल्या नर्सनं पट्टी सुचवली. दीड वर्ष एकदाही चूक नाही. शनिवार हा पट्टीचा वार, दंडावर लावायची, मोबाइलवर गजर.

दिवाळीला तीन आठवड्यांसाठी ती नाशिकच्या सिडकोतल्या सासरी आली. घरात सासू-सासरे, मोठे दीर-जाऊ, त्यांचा चार वर्षांचा मुलगा. मूल अजून दोन वर्षं नको, हे नवरा-बायकोचं ठरलेलं, पण घरात बोललेलं नाही. बिनबाह्यांच्या कुर्त्यातून दंडावरची पट्टी दिसली असती, म्हणून नाशकात आल्यावर तिनं जागा बदलली. उजव्या कुल्ल्यावर, वरच्या बाजूला. जागा चुकीची नव्हती. कुल्ला, पोट, दंडाची बाहेरची बाजू आणि पाठीचा वरचा भाग, या चारही ठिकाणी पट्टी चालते. फक्त स्तनांवर लावायची नाही. पण कुल्ल्यावरची पट्टी स्वतःला दिसत नाही आणि परकराची नाडी कुठे येते याचा विचार तिनं केला नव्हता. इंग्लंडमध्ये ती परकर कधी नेसते?

तपासायला म्हणून तिनं सलवार थोडी खाली केली. काड्यापेटीएवढा, पण चौकोनी, अंगाच्या रंगाचा तुकडा. त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारी पांढरी कागदी चिकटपट्टी आडवी-उभी मारलेली, जुन्या दप्तराला ठिगळ लावावं तशी. एका कडेला लाल सुताचे तंतू अडकलेले. एका कोपऱ्यात बारीक हिरवी चमकी.

‘‘ही चमकी कसली?’’

‘‘टिकलीची. आईंनी आरशाला लावून ठेवली होती.’’

पट्टी काय करते

पुढचं सगळं समजायला पट्टीचं काम थोडं माहीत हवं. या प्रकारची पहिली पट्टी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, पुढच्या वर्षी युरोपात. तिच्याकडे होती ती ‘एव्हरा’. एका पट्टीत ६ मिलिग्रॅम नॉरएल्जेस्ट्रोमिन आणि ६०० मायक्रोग्रॅम इथिनाइल एस्ट्रॅडिऑल. गोळीत असतात त्याच जातीची दोन संप्रेरकं, पोटातून जायच्याऐवजी कातडीतून रक्तात जाणारी. त्यामुळे उलटी झाली, जुलाब लागले, तरी फरक पडत नाही. बीज बाहेर पडणं थांबतं, गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो. एक पट्टी सात दिवस, अशा तीन आठवडे तीन, चौथा आठवडा सुट्टी. त्या सुट्टीत पाळीसारखा रक्तस्राव होतो.

दिवसाला पट्टीतून साधारण २०३ मायक्रोग्रॅम नॉरएल्जेस्ट्रोमिन बाहेर पडतं. सात दिवसांचा हिशेब केला तर दीड मिलिग्रॅमसुद्धा होत नाही, म्हणजे काढलेल्या पट्टीत बरंचसं औषध शिल्लकच असतं. याचे दोन अर्थ. एक, पट्टी बदलायला दोन दिवस उशीर झाला तरी ती काम करत राहते. दुसरा अर्थ आरशाशी संबंधित आहे, तो पुढे येतोच.

पट्टी निघाली तरी रक्तातलं औषध त्या क्षणी संपत नाही. इथिनाइल एस्ट्रॅडिऑल निम्म्यावर यायला सुमारे १७ तास लागतात, नॉरएल्जेस्ट्रोमिनला सुमारे २८. पट्टीच्या पत्रकात जी तासांची सवलत असते ती या आकड्यांच्या जोरावर. म्हणून ‘पट्टी निघाली’ असं कुणी सांगितलं की कामाचा प्रश्न एकच उरतो : कधी निघाली?

मी तो प्रश्न लगेच विचारला असं नाही. आधी ‘कशी निघाली’ हेच विचारत बसले, ती तेलाचं, साडीचं, सासूचं सांगत बसली आणि दहा मिनिटं गेली. गोष्ट मजेची होती, हे माझं समर्थन.

कधी निघाली?

आठवडा असा होता.

धनत्रयोदशी शनिवारी. त्या दिवशी तिची तिसरी पट्टी संपत होती आणि सुट्टी सुरू होणार होती, म्हणजे रक्तस्राव बरोबर लक्ष्मीपूजनाच्या आसपास. सासरची पहिली मोठी दिवाळी, पूजेला बसायचं होतं. तिनं सुट्टी घेतलीच नाही, चौथी पट्टी लावली. यात काही चूक नाही. एखाद्या वेळी पाळी पुढे न्यायची असेल तर हे चालतं, मधे थोडे डाग दिसू शकतात एवढंच.

सोमवारी नरकचतुर्दशी. पहाटे साडेपाचला अभ्यंगस्नान. मोठ्या जावेनं पाठीला तेल चोळलं, बाकीचं हिनं स्वतः. मग उटणं, तेही हातानं खसखसून. अंग पुसताना बोटाला पट्टीची कड लागली, वर आलेली. दाबली, बसली असं वाटलं. बाथरूममध्ये आरसा नव्हता आणि असता तरी तिथली जागा स्वतःला दिसत नाही.

इथे मी तिला पत्रकातली एक ओळ दाखवली. पट्टी काढल्यावर कातडीवर चिकटपणाचा काळा माग राहतो, तो काढायला थोडं बेबी ऑइल लावा असं त्यात लिहिलंय. म्हणजे पट्टीचा डिंक तेलानं सुटतो हे बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय. आणि आपण वर्षातून एकदा नखशिखान्त तेल चोपडून, वर बेसन-चंदनानं घासतो. ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

मंगळवारी लक्ष्मीपूजन. संध्याकाळी पाचच्या सुमाराला येवल्याची पैठणी, आत लाल परकर, नाडी करकचून, कारण पैठणी जड असते आणि सुटायची भीती. रात्री साडेअकराला साडी सोडून झोपली.

बुधवारी पाडवा. पहाटे उठून पिंपळपारावर पाडवा पहाट ऐकायला, दुसरी साडी, परकर हिरवा. संध्याकाळी अंगावरून किंचित लाल. तिला वाटलं, सुट्टी टाळली म्हणून असेल. त्या रात्री नवरा-बायको एकत्र. त्याआधी आठवडाभर नाही, घरभर पाहुणे होते.

गुरुवारी सकाळी दहाला सासूबाई धुण्याचे कपडे वेगळे करत होत्या. लाल परकर झटकला तर आतून नाडीच्या खाली काहीतरी चिकटलेलं. त्यांनी ते नखानं सोडवलं, उलटसुलट बघितलं. कंबरेची पट्टी. औषधाची वस्तू, विलायती, फेकायची कशाला? त्यांनी ती बेसिनवरच्या आरशाला लावून ठेवली, टिकल्यांच्या शेजारी. आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, ‘‘कंबर दुखते का गं तुझी?’’

सुनेनं धावत जाऊन ती काढली, बाथरूममध्ये जाऊन पुन्हा लावली, बसेना म्हणून दिराच्या ड्रॉवरमधली चिकटपट्टी मारली. मग फोन.

आता हिशेब. लाल परकर फक्त मंगळवारी संध्याकाळी पाच ते रात्री साडेअकरा अंगावर होता. पट्टी त्याच्या आत मिळाली, म्हणजे ती त्या साडेसहा तासांत पूर्ण सुटली. मी हे सगळं टिपत होते तेव्हा गुरुवार दुपारचे साडेबारा झाले होते. कमीत कमी ३७ तास, जास्तीत जास्त साडेत्रेचाळीस. (आरशावरून काढून लावलेली मी धरत नाही, त्याचं कारण खाली आहे.)

परकरावरून एवढा नेमका वेळ काढता आला याचा मला थोडा आनंद झाला, हे कबूल करते. तो फार टिकला नाही.

२४ की ४८

पट्टीच्या डब्यातलं पत्रक म्हणतं : पट्टी अर्धवट किंवा पूर्ण सुटून २४ तासांच्या आत असेल तर तीच किंवा नवी लावा, वार तोच ठेवा, बाकी काही नको. २४ तासांहून जास्त झाले असतील किंवा किती झाले ते माहीत नसेल, तर लगेच नवी पट्टी लावून चार आठवड्यांचं चक्र पहिल्या दिवसापासून मोजा आणि सात दिवस निरोध वापरा.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा, एनएचएसचा, सल्ला मात्र ४८ तासांवर आहे. आधीचे सात दिवस पट्टी नीट लावलेली असेल, तर सुटलेली पट्टी ४८ तासांच्या आत लावली की वेगळं काही करायला नको. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेची मार्गदर्शक सूचनाही ४८ धरते. तिनं फोनवर एनएचएसचं पान उघडूनच ठेवलं होतं. ‘‘मॅडम, त्रेचाळीस म्हणजे आतच आहे ना?’’

हिशेबानं आत. पण पत्रकातला ‘अर्धवट’ हा शब्द मला सोडवत नव्हता. सोमवारी पहाटे साडेपाचला कड वर आली होती. किती वर आली होती? एक कोपरा, की निम्मी पट्टी? तिनं ती पाहिलेलीच नव्हती. कातडीपासून सुटलेल्या भागातून औषध आत जात नाही. निम्मी पट्टी सोमवारपासून हवेत असेल तर मोजणी तिथून सुरू होते, आणि सोमवार पहाट ते गुरुवार दुपार म्हणजे ७९ तास. बुधवारचा डागही त्याच बाजूला झुकणारा पुरावा. निव्वळ सुट्टी टाळल्यामुळेही डाग दिसतो, म्हणून त्यावर सगळा भार टाकता येत नाही, पण दुर्लक्षही करवत नाही.

माहीत नसेल तर मोठा आकडा धरायचा, हे दोन्हीकडच्या सल्ल्यात आहे. मी ७९ धरले.

लगेच तिचा चेहरा उतरला, कारण तिच्या डोक्यात बुधवारची रात्र होती. तेव्हा मी तिला उलट बाजूनं समजावलं. ठरलेल्या सुट्टीत सात दिवस अंगावर पट्टी नसते, तरीही त्या सात दिवसांत संरक्षण असतं. कारण तीन आठवडे गप्प बसलेलं बीजकोष सात दिवसांत जागं होऊन बीज सोडत नाही. तुझ्या अंगावर सलग तीन आठवडे आणि वर दोन दिवस पट्टी होती. त्यानंतरची फट धरून धरून सव्वातीन दिवसांची. खरा धोका असतो तो सात दिवसांची सुट्टी लांबते तेव्हा, म्हणजे नव्या चक्राची पहिली पट्टी लावायला उशीर झाला किंवा ती पहिल्याच आठवड्यात निघून गेली तर. आठवी, नववी सकाळ उजाडली आणि पट्टी नाही, तिथे मी खरंच घाबरते.

टेबलावर तीन पाकिटं

‘‘पर्समध्ये काय काय आहे ते काढ,’’ असं मी प्रत्येकीला सांगते. औषधांची नावं विचारली की निम्मी आठवत नाहीत, पर्स उलटी केली की सगळं कळतं. पट्ट्यांचा डबा निघाला. दुसरं, नवऱ्यानं सकाळीच मेडिकलमधून धावत आणलेली, संबंधानंतर घ्यायची बहात्तर तासांची गोळी, न फोडलेली. तिसरी पांढऱ्या गोळ्यांची पट्टी, चार गोळ्या कमी.

‘‘ही?’’

‘‘पाळी पुढे ढकलायची. आईंनी आणली, पूजेसाठी. मी नको म्हणाले तर पाण्याचा पेला घेऊन उभ्याच राहिल्या. रविवार-सोमवार दोन-दोन घेतल्या.’’

नॉरएथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम. नाशकात या गोळ्यांची मागणी सणावारांच्या तारखांनी चालते. गणपती, नवरात्र, दिवाळी, आणि बारा महिने त्र्यंबकेश्वरची नारायण नागबळी. तीन दिवसांचा विधी, लांबून आलेलं कुटुंब, आणि आदल्या रात्री फोन : ‘मॅडम, काहीतरी द्या.’ मी यावर भाषण देत नाही. ज्या बाईला बसायचंय तिला बसू द्यावं असं माझं मत, पण घरात वाद घालायची तिची तयारी नसेल तर गोळी सुरक्षित आहे की नाही हे बघणं माझं काम.

इथे ती सुरक्षितपेक्षा निरर्थक होती. पट्टी चालू ठेवून पाळी आधीच पुढे गेलेली होती, वरून ह्या गोळ्यांनी नवं काही मिळणार नव्हतं. शिवाय इतक्या डोसमध्ये नॉरएथिस्टेरॉनचा काही भाग शरीरात इथिनाइल एस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो, म्हणजे पट्टीतलंच एक औषध थोडं आणखी. चार गोळ्यांनी काही बिघडलं नव्हतं, पण उरलेल्या गोळ्या मी ठेवून घेतल्या.

बहात्तर तासांच्या गोळीवर थोडी ओढाताण झाली. ‘‘घेऊनच टाकते ना, मनाला बरं.’’ मी म्हटलं, घेतलीस तर नुकसान नाही, पण आत्ता जो धोका आहे तो इतका लहान आहे की ही गोळी तुला नेमकं काय देणार हे मला सांगता येत नाही. सीडीसीही अशा वेळी ही गोळी मुख्यतः पहिल्या आठवड्यात पट्टी सुटली असेल तरच विचारात घ्यायला सांगते. तिनं थोडा विचार करून पाकीट परत पर्समध्ये ठेवलं. नवऱ्याला काय सांगायचं ते तिचं तिनं ठरवावं.

रक्ताची गाठ

एस्ट्रोजेन (पट्टीतलं इथिनाइल एस्ट्रॅडिऑल त्याच जातीचं) असलेली कुठलीही पद्धत म्हटली की मी हे विचारतेच, आणि हिला तर दहा दिवसांनी मुंबईहून लांबचं विमान होतं. पायाच्या शिरेत गाठ, स्वतःला किंवा आईवडिलांना? नाही. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा? नाही. बीपी ११८/७६. वजन ६४ किलो. (९० किलोच्या वर पट्टीचा भरवसा कमी होतो.) टीबीची औषधं, फिटच्या गोळ्या? नाही. रिफाम्पिसिनसारखी औषधं पट्टीतलं औषध यकृतात लवकर संपवतात, आणि आपल्याकडे टीबीचा कोर्स चाललेल्या बाईला हे कुणी सांगितलेलं नसतं. सिगारेट? नाही. मी मशेरीही विचारते. पुस्तकात नसलेला प्रश्न आहे, पण ‘धूम्रपान करता का’ ला नाही म्हणणाऱ्या बायकांच्या हिरड्या बघितल्यात मी.

तिनंच विचारलं की पट्टी गोळीपेक्षा जास्त धोक्याची का. युरोपच्या औषध यंत्रणेनं २०१३ मध्ये आकडे मांडले होते ते असे : कुठलंच संप्रेरक न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण २ जणींना गाठ होते. जुन्या लिव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीवर ५ ते ७. पट्टीवर ६ ते १२. म्हणजे थोडी जास्त, पण बाळंतपणात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत होणाऱ्या धोक्यापेक्षा कमी. विमानात पाणी, दर तासाला पाय मोकळे, आणि एका पोटरीला सूज-दुखणं आलं किंवा धाप लागली तर थेट दवाखाना.

काय केलं

ठिगळ काढलं. एकदा दुसऱ्या कशाला चिकटलेली, तंतू-चमकी बसलेली पट्टी परत लावायची नसते, आणि तिला वरून चिकटपट्टी मारून धरायचीही नसते. औषध जातं ते तिच्या स्वतःच्या डिंकातून, सगळी कातडीला टेकली तरच. वरून दाबून धरलेल्या पट्टीनं फक्त मनाला आधार मिळतो. म्हणून सकाळी दहापासूनचे अडीच तास मी हिशेबात धरले नाहीत.

नवी पट्टी डाव्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला. सिस्टर सवयीनं स्पिरिटचा बोळा घेऊन आली. साबण-पाणी पुरे म्हटलं, आणि मग पूर्ण कोरडं. पावडर नाही, क्रीम नाही. तळहातानं दहा सेकंद दाबून धरली, मग कडांवरून बोट फिरवलं. लांब बाह्यांचे कुर्ते घाल, एवढाच उपाय.

चक्र आजपासून पहिला दिवस, म्हणजे वार शनिवारचा गुरुवार झाला. ‘‘गुरुवार मी धरते,’’ ती म्हणाली. दत्ताचा उपास. मग लक्षात ठेवायला मोबाइलचा गजर कशाला? सात दिवस निरोध. आंघोळीनंतर रोज एकदा हात लावून बघायचं. पुढच्या वर्षी दिवाळीत इथे असलीस तर पट्टीच्या जागेला तेल-उटणं नाही.

जुनी पट्टी मी तिच्यासमोर चिकट बाजू आत घेऊन दुमडली आणि दवाखान्याच्या कचऱ्यात टाकली. वर म्हटलेला दुसरा अर्थ हा. तिच्यात औषध शिल्लक होतं, आणि ती सकाळी चार वर्षांच्या पोराच्या हाताच्या उंचीवर आरशाला लावलेली होती. पोरं स्टिकर कुठे कुठे लावतात ते सगळ्यांना माहीत आहे. संडासातही टाकायची नसते, पाण्यात जाते.

इतर पर्यायांवर फार वेळ घालवला नाही. आपल्या सरकारी कार्यक्रमात पट्टी नाही. तिथे तांबी, माला-एन, आठवड्याची ‘छाया’ (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा) आणि तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन आहे. पुढे कधी कायमची परत आली तर यातलं काय, हे तेव्हा बोलू. आत्ता तिला पट्टी जमत होती. नीट वापरली तर वर्षाला हजारात तीन जणींना दिवस राहतात. रोजच्या जगण्यात शंभरात सात. दीड वर्ष ती पहिल्या रांगेत होती, नाडीनं तिला दुसऱ्या रांगेत आणलं.

नंतर

बाहेर सासूबाई चहा संपवून बसल्या होत्या. ‘‘काय निघालं हो कंबरेचं?’’ मी म्हटलं, ‘‘काळजीचं काही नाही काकू. बाकी तिलाच विचारा.’’ खोटं बोलायचं नाही आणि तिचं सांगायचंही नाही, यासाठी माझ्याकडे हे एकच वाक्य आहे आणि ते फार चांगलं नाही हे मला माहीत आहे. सुनेनं माझ्याकडे एकदा बघितलं. घरी काय बोलणं झालं, झालं की नाही, मी विचारलं नाही.

बुधवारपासून तीन आठवडे मोजून तिनं तिकडे लघवीची तपासणी केली, त्याआधी करून उपयोग नव्हता. निगेटिव्ह. गुरुवारी तिसरी पट्टी काढली, शनिवारी रक्तस्राव सुरू झाला. व्हॉट्सॲपवर दोन ओळी आणि एका चौकोनाचा फोटो, लोकरीच्या बाहीखाली दंडावर, चारही कडा बसलेल्या.

डिसेंबरात सासूबाई स्वतः आल्या. बीपीची गोळी गेली सहा वर्षं चालू, वय ५८, आणि थंडीनं कंबर खरोखरच धरलेली. द्राक्षाच्या पट्ट्यातल्या माहेरी दोन दिवस राहून आल्या होत्या, तिकडचा पहाटेचा गारठा सोसला नाही म्हणाल्या. बोलता बोलता पर्समधून एक चपटं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

‘‘सुनेच्या कपाटात राहिली होती एक. तिला एवढा गुण आला, तर म्हटलं लावून बघू. पण आधी तुम्हाला विचारते.’’

न फोडलेली. मी ते पाकीट हातात घेतलं. ‘‘काकू, ही तुमच्यासाठी नाही. तुमच्या बीपीला चालणारच नाही.’’

‘‘मग माझ्या कंबरेला काय?’’

मी गरम पाण्याची पिशवी, रोज करायचे तीन व्यायाम आणि फिजिओथेरपिस्टच्या नावाची चिठ्ठी लिहून दिली. पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यांनी ते परत मागितलं नाही.